तुझ्या नावाने लिहिलेला जबाब

मंगळवार, ४ मार्च

प्रिय वहिनी,

नमस्कार. पत्र पाहून हसशील. रोज हातात फोन असलेली बाई पत्र कधीपासून लिहायला लागली, असं म्हणशील. फोनवर मी बोलत सुटते आणि तू नुसती "हं, हं" करतेस, म्हणून हे. कागदावर मध्येच कुणी टाळ्या वाजवत नाही, त्यामुळे जरा ताळ्यावर राहते.

घर ठीक आहे. मोरीचा नळ गळत होता त्याला वॉशर बसवून घेतला. तुझी कुंड्यांतली झाडं जिवंत आहेत, एक सोडून. ते मी जास्त पाणी घालून मारलं. शेजारच्या मास्तरीणबाई दोनदा येऊन विचारून गेल्या, "त्या कधी येणार?" मी म्हटलं, माहेरी गेलंय माणूस, येईल सावकाश. तू भावाकडे नीट राहा. गुडघ्याला तेल लावतेस का? लावत नसशील, मला माहीत आहे.

दादाला जाऊन आज चौतीस दिवस झाले. त्याचं शिलाई मशीन मी जुन्या चादरीत गुंडाळून ठेवलंय. डेपोत त्याच्या जागी नवा माणूस आलाय. तो बसच्या सीटा सरळ सुईने शिवतो. रेक्झिन ताणून दादासारखी वाकडी सुई आतून फिरवावी, तर ती त्याला धरताच येत नाही. आठ दिवसांत शिवण उसवते. काल एक ड्रायव्हर वर्कशॉपच्या दारात उभा राहून ओरडत होता, "अरे, त्यांनी शिवलेल्या सीटवर दहा वर्षं बसलो, पाठ कधी कुरकुरली नाही! आणि हे काय, पोतं भरलंय का?" सगळे हसले. मीही हसले. मग युनियनच्या खोलीत जाऊन दार लावून बसले.

बाकी काही विशेष नाही.

हां, एक काम होतं. मागच्या आठवड्यात आपल्या युनियनच्या सेक्रेटरीने तुझ्याकडे जबाबाचा कागद पाठवला आहे, सही करून परत पाठवायला. त्यावर सही करायची घाई करू नकोस. भाषा जरा ओबडधोबड झाली आहे. मीच लिहिली होती, तीही एका बैठकीत, म्हणून सांगते. चौकशी समिती १८ तारखेला बसणार आहे, तेव्हा वेळ आहे. मी दुरुस्त करून पाठवते.

तू विचारशील म्हणून लिहिते. दादाचं ऑपरेशन करणाऱ्या त्या सर्जनला कामावरून दूर ठेवलंय. समिती ठरवेल ते ठरवेल, पण सेक्रेटरी म्हणतो की तुझा जबाब गेला की त्याचा निकाल लागलाच. दवाखान्यातून तर काढतीलच, पुढे कुठे चाकू हातात धरायची परवानगीही बहुधा राहणार नाही. मेलेल्या माणसाच्या बायकोचा शब्द समितीसमोर सगळ्यात जड पडतो, असं त्याचं म्हणणं. त्याला अशा गोष्टींचा अनुभव आहे. मलाही आहे.

तर, थांब थोडी. दुसरं काही कारण नाही.

भावाला नमस्कार सांग. रात्री गार पाणी पिऊ नकोस.

तुझी नणंद


रविवार, ९ मार्च

प्रिय वहिनी,

तुझं उत्तर मिळालं. पाचच ओळी, पण मी पन्नास वेळा वाचल्या. दादाने माझ्या आवाजावरून ठेवलेल्या नावानेच तू हाक मारलीस. तू लिहिलंस, "भोंगा, जबाब तूच लिहिलास. वाचून मी रडले, कारण त्यातलं अक्षर न् अक्षर खरं आहे. धोका आहे हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. मग थांबायचं कशाला? आणि एक विचारते. त्या सकाळी ऑपरेशनला नेण्याआधी ते माझ्याकडे पाठ करून का झोपले? तू तिथेच होतीस. तुला माहीत असेल तर सांग, मला झोप लागत नाही."

भाषा ओबडधोबड आहे हे मी खोटं लिहिलं होतं. भाषा उत्तम आहे. "मला धोक्याची पुसटशीही कल्पना देण्यात आली नाही." हे वाक्य मी तुझ्या नावाने लिहिलं आणि स्वतःवरच खूश झाले. सेक्रेटरी म्हणाला, "याला म्हणतात जबाब!" तू खोटं बोलत नाहीयेस, वहिनी. म्हणूनच ते वाक्य भयंकर आहे.

सुरुवातीपासून सांगते, कारण सुरुवातीपासून तुला कुणी काहीच सांगितलेलं नाही.

आपल्या घरात डॉक्टरांचं बोलणं आणायचं काम माझं. हे कधी ठरलं आठवत नाही. दादाला बोलायचा कंटाळा. तू दवाखान्यात गेलीस की औषधांच्या रांगेत उभी राहायचीस, कारण डॉक्टर भराभर बोलतात आणि तुला भीती वाटते. मग मी आत जायची, ऐकायची, आणि बाहेर येऊन तुम्हाला सोपं करून सांगायची. दादाला जुनी कावीळ होती, ती रक्तात राहिली आणि तिने लिव्हर आतून वाळवलं, हे तुला मीच सांगितलं. लोक म्हणायचे, पीत असेल. खोकल्याचं औषधसुद्धा आधी वास घेऊन पिणारा माणूस! चार जणांशी त्यावरून मी भांडले. पोटात पाणी झालं तेव्हा ते सुईने काढतात, घाबरू नकोस, हेही मीच सांगितलं. तुला वाटायचं मी सगळं सांगते. मलाही वाटायचं.

नोव्हेंबरात त्याच्या उजव्या कुशीत दुखायला लागलं, तेव्हा पोटाचा फोटो काढला. त्यात पित्ताशयात खडे दिसले. सात-आठ, वाटाण्याएवढे. मला, खरं सांगू का, आनंद झाला. तीन वर्षं आपण एका न दिसणाऱ्या शत्रूशी लढत होतो. आता शत्रू दिसला. मोजता आला. बाहेर काढता येण्यासारखा होता.

तो रिपोर्ट घेऊन आम्ही लिव्हरच्या बाईंकडे गेलो. त्या पिकल्या केसांच्या, सावकाश बोलणाऱ्या डॉक्टर, तुला आठवत असतील. तू रांगेत होतीस. दादा आणि मी आत. बाईंनी फोटो पाहिला आणि बाजूला ठेवला. म्हणाल्या, "लिव्हर असं आकसलं की खडे होतातच. माझ्याकडच्या तीन-चार जणांत एकाला सापडतात. बहुतेकांना ते कधी त्रास देत नाहीत. तुम्हाला दुखतंय ते पोटातल्या पाण्याने आणि त्या ताणाने. खड्यांचा काही संबंध दिसत नाही."

मी म्हटलं, "पण आहेत ना? मग काढून टाका."

"नाही. यांचं रक्त नीट गोठत नाही. लिव्हरमध्ये आता एवढी ताकद राहिलेली नाही की ऑपरेशनचा धक्का सोसेल. खड्यांना हात लावू नका. ताप आला, थंडी भरली, डोळे जास्त पिवळे झाले तर धावत या, तेव्हा वेगळा विचार करू. तूर्त वाट पाहू."

तूर्त वाट पाहू.

वहिनी, बावीस वर्षं मी साहेबांच्या टेबलासमोर उभी राहिले आहे. रंगकामाच्या शेडला पंखा मागितला, तर "तूर्त थांबा." जुन्या बसचे ब्रेक बदला म्हटलं, "घाई नको, वाट पाहू." रंगकामवाला शेडमध्ये भोवळ येऊन पडला आणि त्याचा दात तुटला तेव्हा कुठे पंखा आला. मी हेच शिकले की "तूर्त" म्हणजे "कधीच नाही", आणि ते नेहमी खुर्चीतला माणूस उभ्या माणसाला सांगतो. माझी सगळी भाषणं या एका शब्दाच्या विरोधात आहेत. तो बाईंच्या तोंडून आला आणि माझे कान बंद झाले. त्यानंतर त्या काय म्हणाल्या ते मी ऐकलं, पण मला ते डेपोच्या मॅनेजरच्या आवाजात ऐकू आलं.

बाहेर आलो. तू विचारलंस, "काय म्हणाल्या?" दादा तोंड उघडणार होता. मी म्हटलं, "मी सांगते." आणि सांगितलं, "खडे आहेत, त्यानेच दुखतंय. पण इथे काढायला टाळाटाळ करतायत. आपण आपल्या कामगारांच्या दवाखान्यात जाऊ."

दादा माझ्याकडे बघत राहिला. तो बोलत नसे, आणि मी त्याचा फार फायदा घेतला.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. निदान सगळ्यांना वाटतं की माहीत आहे. आपल्या दवाखान्यातल्या सर्जननेही नाही म्हटलं. म्हणून मी साठ माणसं घेऊन दवाखान्याच्या फाटकावर गेले. "श्रीमंताच्या पोटातला खडा दोन दिवसांत निघतो! कामगाराच्या पोटातला खडा फायलीत राहतो!" काय टाळ्या पडल्या. तूही मागे उभी होतीस, पदर डोक्यावर घेऊन, उन्हात. दादा बाकावर बसला होता, पायांवर सूज होती म्हणून मोठ्या मापाच्या चपला घालून. तो जमिनीकडे बघत होता. मला वाटलं, भरून आलंय त्याला.

दवाखान्याच्या मोठ्या साहेबांनी तासाभरात मला आत बोलावलं. त्यांना वर्तमानपत्रात नाव नको होतं. त्यांनी सर्जनला माझ्यासमोर सांगितलं, "करून टाका." तो म्हणाला, "सर, मी लेखी देतो की हे करू नये." साहेब म्हणाले, "लेखी द्या आणि करा."

त्यानंतर त्या पोराने मला त्याच्या खोलीत नेलं. पोरगाच म्हणते मी त्याला, तिशीचा असेल. खोलीत एकच खुर्ची होती, ती त्याने मला दिली. स्वतः टेबलाला टेकून उभा राहिला. म्हणाला, "ताई, तुमचं भाषण मी वरून ऐकलं. मला तसं बोलता येत नाही. साधं सांगतो. अशा लिव्हरच्या दहा माणसांना मी ऑपरेशनला घेतलं, तर चार-पाच घरी जाणार नाहीत. तुमचे भाऊ त्यातले असू शकतात. त्यांना आणि त्यांच्या पत्नीला उद्या माझ्याकडे घेऊन या. मी दोघांना समोर बसवून सांगतो. ऐकून त्या नको म्हणाल्या, तर मी साहेबांचंही ऐकणार नाही."

मी म्हटलं, "त्यांना मी समजावून सांगते. तुम्ही घाबरवाल."

आणि त्याच्या कागदावर सही केली. "धोका समजला, कुटुंबाला सांगेन." खाली माझी सही आहे, झोकदार, शेवटी रेघ ओढलेली.

घरी येऊन मी तुला काय सांगितलं? "साधं ऑपरेशन आहे गं. तीन भोकं. चौथ्या दिवशी घरी."

२४ फेब्रुवारीला समितीची पहिली बैठक झाली, तेव्हा त्यांनी तो कागद माझ्यासमोर ठेवला. मी म्हटलं, "डॉक्टर घाईघाईत काहीतरी पुटपुटले आणि त्यांनी सही घेतली." तो समोर बसला होता. त्याने मान वर केली नाही. बैठक संपल्यावर बाहेरच्या बाकावर आम्ही दोघंच होतो. मला वाटलं आता हा बोलेल. शिव्या देईल. त्याने सरकून मला जागा दिली आणि विचारलं, "तुमच्या वहिनी कशा आहेत?"

त्या दिवसापासून मला जेवण जात नाही.

तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरही आजच लिहायचं ठरवून बसले होते. तीन वेळा कागद फाडला. जमत नाही. देते दोन दिवसांत. तोवर सही करू नकोस, एवढं ऐक.

तुझी नणंद


बुधवार, १२ मार्च

वहिनी,

आज "प्रिय" लिहायचा धीर होत नाही.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी, चारच्या सुमाराला, भेटायची वेळ होती. तू खाली त्याच्यासाठी टॉवेल आणायला गेली होतीस, आठवतं? शेजारच्या खाटेवरचा म्हातारा रेडिओ कानाला लावून बसला होता. दादाने मला जवळ बोलावलं. म्हणाला, "भोंगा, रागावणार नसशील तर सांगतो. मला हे करायचं नाही."

मी म्हटलं, "काय करायचं नाही?"

"ऑपरेशन. त्या लिव्हरच्या बाई म्हणाल्या ते मला पटलं होतं. असू देत ना खडे. इतकी वर्षं मी त्यांना ओळखत नव्हतो, ते मला ओळखत नव्हते. जेवढे दिवस आहेत तेवढे घरात काढू. हिच्याजवळ."

माझा दादा सलग एवढं बोलला, असं मी फार कमी वेळा ऐकलं आहे. ज्याने मला पुस्तकं घ्यायला मिळावीत म्हणून दुपारची पाळी संपवून पुन्हा लोकांच्या खुर्च्या शिवल्या, त्याने आयुष्यात माझ्याकडे मागितलेली ही एकच गोष्ट. "मला हे करायचं नाही."

मी काय करायला हवं होतं? "बरं" म्हणायला हवं होतं. एक शब्द.

मी भाषण केलं, वहिनी. खाटेच्या कडेला बसून, हळू आवाजात, पण भाषणच. म्हटलं, "दादा, साठ माणसं तुझ्यासाठी उन्हात उभी राहिली. पगार कापून घेऊन. मोठ्या साहेबाला आपण वाकवलं. आता तूच माघार घेतलीस तर उद्या दुसऱ्या कुणासाठी मी कुठल्या तोंडाने उभी राहू? ते म्हणतील, यांनाच नको होतं. तू घाबरतोयस, आणि हे त्यांनाच हवंय." असं बरंच. मला माझं प्रत्येक वाक्य आठवतं. वाक्यं चांगली होती. माझ्या लक्षातच आलं नाही की माझ्यासमोर साहेब बसलेले नाहीत, सुजल्या पायांचा माझा भाऊ पडलेला आहे, आणि त्याला हरवून मला काहीही मिळणार नाही.

तो ऐकत होता. मग म्हणाला, "बरं बाई. तू म्हणशील तसं." चादर सारखी करत विचारलं, "हिला सगळं सांगितलंस ना? वाचेन न वाचेन, ते?"

मी म्हटलं, "हो. सांगितलं."

"काय म्हणाली?"

"म्हणाली, तुम्ही जे ठरवाल ते."

हे मी त्याला सांगितलं, वहिनी. तुझ्या तोंडी मी घातलेलं पहिलं वाक्य ते. तो जबाब दुसरा.

एवढ्यात तू टॉवेल घेऊन आलीस, आणि मी उठून तुला जागा दिली.

आता सकाळचं सांगते. तू विचारलंस तेच. साडेसात वाजले होते. वॉर्डबॉय ढकलगाडी घेऊन दारात उभा होता. दादाने तुझा हात धरला. चार माणसांत त्याने तुझा हात धरलेला मी कधी पाहिला नव्हता. तो म्हणाला, "तू घाबरत नाहीस ना?" आणि तू हसून म्हणालीस, "त्यात काय घाबरायचं? तीन तर भोकं. चार दिवसांनी परत माझ्या डोक्याला ताप आहेच." नेहमीसारखी थट्टा केलीस. तुला दुसरं काही माहीत असण्याचं कारणच नव्हतं.

पण तो समजत होता की तुला माहीत आहे. त्याला वाटत होतं, आपण बायकोचा निरोप घेतोय आणि तिलाही ते कळतंय. आणि ती हसली. तो तुझ्यावर रागावला नाही, वहिनी. कुणावर रागावणं त्याला यायचंच नाही. त्याने तुझा हात सोडला, कूस बदलली, आणि भिंतीकडे तोंड केलं. मला त्याचा चेहरा दिसत होता, कारण मी त्या बाजूला उभी होते. तो रडत नव्हता. त्याला फक्त एकटं वाटलं होतं.

मी तेव्हा बोलू शकले असते. मला एक मिनिट होतं. ढकलगाडीचं एक चाक अडलं होतं, वॉर्डबॉय ते लाथेने सरळ करत होता, एवढा वेळ होता. "वहिनी, थांब, याला नको आहे. वहिनी, हा वाचणार नाही कदाचित." आयुष्यभर हजार माणसांसमोर न अडखळता बोलणारी मी, माझ्या तोंडातून शब्द फुटला नाही. कारण तो शब्द बोलले असते तर माझं सगळं बोलणं चुकलं असतं.

पुढचे आठ दिवस तू पाहिलेसच. भोकांतून रक्त थांबेना. पोट पुन्हा भरलं. तिसऱ्या दिवसापासून तो भ्रमात गेला, डोळे हळदीसारखे झाले, आणि तू त्याला विचारत राहिलीस, "मी कोण, सांगा बघू." तो बरा व्हावा म्हणून सर्जन वॉर्डातच खुर्ची टाकून बसायचा. आपण सगळे म्हणालो, आता कशाला बसतोय, चूक झाकायला. २९ जानेवारीला दादा गेला आणि मी दवाखान्याच्या पायऱ्यांवर उभं राहून माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं भाषण केलं. दुसऱ्या दिवशी त्या पोराला घरी बसवलं.

त्याचा काहीच दोष नाही असं मी म्हणत नाही. त्याने साहेबांना ठाम नाही म्हणायला हवं होतं. तुला स्वतः बोलवून घ्यायला हवं होतं, माझ्या शब्दावर विसंबायला नको होतं. पण हे त्याने स्वतःच समितीला लिहून दिलंय. त्याचा वाटा त्याने उचलला. मोठे साहेब अजून म्हणतात की त्यांना काही आठवत नाही. आणि मी? मी तुझ्या दुःखाला शब्द देऊन त्याच्या गळ्यात बांधत होते.

परवा, सोमवारी, मी समितीच्या कार्यालयात जाऊन माझा जबाब दिला. हे सगळं, जसं तुला लिहिलं तसं. खिडकीवरच्या कारकुनाने वाचला. चष्मा काढून म्हणाला, "बाई, हा तुमच्याच विरोधात जातोय. चुकून दुसऱ्याचा आणला का?" मी म्हटलं, "नाही, माझाच आहे." तर म्हणाला, "मग दोन प्रती लागतील." खाली जाऊन दुसरी प्रत काढून आणली.

सेक्रेटरीला सांगितलं. तो आधी खुर्चीत बसलाच नाही. मग म्हणाला, "तुझं डोकं ठिकाणावर आहे का? बावीस वर्षांत जे उभं केलं ते एका कागदाने पाडतेस! उद्या कुठलाही कामगार उपचार मागायला गेला की साहेब लोक तुझा कागद त्याच्या तोंडावर मारतील. म्हणतील, तुमच्या पुढाऱ्यांनी माणूस मारला होता, आठवतं ना?"

त्याचं म्हणणं खोटं नाही. तसं होईल. युनियनच्या खोलीची किल्ली टेबलावर ठेवली आणि घरी आले. अन्यायाविरुद्ध ओरडलं पाहिजे, हे मी आजही मानते. मरेपर्यंत मानेन. पण ज्याच्यासाठी ओरडायचं, त्याला आधी विचारायचं असतं, आणि तो नको म्हणाला तर गप्प बसायचं असतं, हे मला कुठल्याच पुस्तकात सापडलं नव्हतं. माझ्याच घरात होतं. मी त्याला बोलू दिलं नाही.

तुझी क्षमा मी मागत नाही. मागितली तर तू देशील, कारण तू तशी आहेस, आणि मग मला पुन्हा तुझ्याकडून काहीतरी मिळवल्यासारखं होईल. घरी यायचं की नाही ते तू ठरव. तू येणार असशील आणि मी तिथे नको असेन, तर मास्तरीणबाईंकडे निरोप ठेव. माझे कपडे एका पेटीत मावतात.

१८ तारखेला सकाळी अकरा वाजता समिती बसेल. तुला बोलावणं येईल. तू वेगळ्या गाडीने ये, वेगळ्या बाकावर बस. मी तुझ्याजवळ येणार नाही. ते जे विचारतील तेवढंच मी हो किंवा नाही म्हणून सांगणार आहे.

सेक्रेटरीने पाठवलेला तो जबाब फाडून टाक. तो माझा होता. या पाकिटात एक कोरा कागद ठेवला आहे. तुला कुणी काय सांगितलं नाही, आणि कुणी सांगायला हवं होतं, ते तुझ्या शब्दांत लिही. शुद्धलेखनाची काळजी करू नकोस. माझ्याविरुद्ध लिहायचं असेल तर हात आखडू नकोस, आणि त्या सर्जनविरुद्ध लिहायचं असेल तरी तुझा हक्क आहे. एक ओळही मी सुचवणार नाही.

एवढं मात्र लक्षात ठेव. शेवटच्या दिवसांत त्याला कुठे राहायचं होतं, हे त्याने स्वतःच्या तोंडाने सांगितलं होतं. तुझ्याजवळ. तुला ते पन्नास दिवस उशिरा पोचतंय, कारण मध्ये मी होते.

तुला जे सांगायचं होतं ते वेळेवर न सांगणारी,
तुझी नणंद